कोणाचा गिलास अलग

माझी पुतणी वाशिमला रक्त तपासायच्या नोकरीत आहे. एचआयव्ही असलेले लोक तिच्याकडे येतात आणि त्यांच्या रक्तात काविळीचे किंवा आणखी कसले विषाणू शिरलेत का, ते ती पाहते. कारण अशा माणसाची ताकद कमी झाली की बाकीची दुखणी दार उघडंच आहे असं समजून आत येतात. सुई लावायच्या आधी ती प्रत्येकाला नाव विचारते, कागदावरच्या नावाशी ताडून बघते आणि वर आणखी विचारते, "रक्त तुमचंच ना?" लोक चक्रावतात. हात त्यांचा, पट्टा त्यांच्याच दंडाला, मग रक्त दुसऱ्या कोणाचं असणार? सोबत काम करणाऱ्यांना वाटतं, पोरीला बोलायची खोड आहे. खोड नाही, हा आमचा घरचा अनुभव आहे. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, एकदा माझं रक्त देऊन आला होता.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. वाशिमकडच्या मालेगावजवळ आमच्या गावात आम्ही थोडी शेती आणि बाकीची मजुरी करून राहत होतो, आणि मी मास्तरकीचं शिक्षण पुरं करून घरी बसलो होतो. एक दिवस टपालानं माझी नेमणूक आली: मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर शाळामास्तर. आमच्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा मी पहिलाच. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ती ऑर्डर गावातल्या वाचता येणाऱ्या प्रत्येकाकडून वाचून घेतली. एकानं वाचली की दुसऱ्याकडे न्यायची, पहिल्यानं काही चुकीचं सांगितलं नाही ना याची खात्री करायला. बाबांना अडखळत का होईना वाचता यायचं, पण तिचा घरच्या माणसाच्या वाचण्यावर भरवसा नव्हता.

ऑर्डरमध्ये दोन अटी होत्या. ठरल्या तारखेच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि हजर होताना तब्येत धडधाकट असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं. दुसरी अट आम्ही सोपी समजत होतो. मी डॉक्टरकडे जायला नवा सदरा शिवून घेतला, आणि तो घालून दारात उभा राहिलो तेव्हा धाकटा माझ्याकडे बघत म्हणाला, "दादा, सदरा चांगला हाय. पण तुह्ये डोये काहून पिवळे दिसून राह्यले?"

वाशिमच्या डॉक्टरनं माझी पापणी खाली ओढली आणि हातातलं पेन झाकण लावून ठेवून दिलं. ते झाकण लावलेलं मला अजून दिसतं. रक्त काढायला लावलं, तपासलं आणि म्हणाले, "कावीळ आहे. चांगली धरली आहे. आराम करा, तेल नाही, मसाला नाही. हजर व्हायच्या तारखेआधी पुन्हा रक्त द्या. साफ निघालं तर सही करीन, नाहीतर माझा नाइलाज आहे." मग सोबत आलेल्या मायकडे वळून म्हणाले, "याचा गिलास, ताट अलग ठेवा. ह्या काविळीचे विषाणू पोटातून निघतात आणि पाण्यात, अन्नात जातात. घरात दुसऱ्याला होईल."

माय बाकी सगळ्याला मान हलवत होती. गिलासाचं आल्यावर तिची मान थांबली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "डॉक्टर माणूस चांगला हाय. पण थे गिलासाचं आपल्याच्यानं होणार नाही."

कारण सांगायला हवं. आमच्या गावच्या स्टँडवर एक हॉटेल होतं. त्याच्या छपराच्या वाशात एक कान तुटलेला कप अडकवलेला असायचा. बाबांनी चहा मागितला की तो कप त्यांनीच काढायचा, वरून ओतलेला चहा बाहेर उकिडवं बसून प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि पुन्हा वाशात अडकवायचा. छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, ते येताना एक पितळेचा मोठा गिलास घेऊन आले. तो माठाजवळ ठेवला आणि घरात नियम झाला. घरचा असो, पाहुणा असो, रस्त्यानं जाणारा असो, पाणी प्यायचं ते याच गिलासानं. हॉटेलातला चहा बाबांनी त्या दिवसापासून सोडला. अशा घरात डॉक्टर सांगतो की थोरल्याचा गिलास अलग करा! यमानं येऊन सांगितलं असतं तरी बाबांनी त्याला आधी त्याच गिलासानं पाणी पाजलं असतं.

धाकटा तर बाबांच्याही पुढे. अंगानं दांडगा, पोतं एका हातानं उचलणारा, एका बैठकीत भाकरींची चळत संपवणारा. मी पाणी पिऊन गिलास खाली ठेवला की तो मुद्दाम तोच उचलायचा, न विसळता भरायचा आणि गटागटा आवाज करून प्यायचा. "माह्या दादाचा उष्टा गिलास म्या नाही पेणार, त मंग कोण पेईन?" असं वर विचारायचा. माझ्यासाठी आणलेल्या उसाच्या रसाला, फुटाण्यांना आणि ग्लुकोजच्या पुडीलाही त्याचं हे बंधुप्रेम लागू होतं.

पथ्याचंही तसंच. मायनं जाहीर केलं की घरात दोन भाज्या होणार नाहीत. दादाला हळद नाही तर कोणालाच हळद नाही. झालं! सगळं घर पांढरं जेवायला लागलं. पांढरं वरण, पांढरे बटाटे, पांढरा भोपळा. बाबा ताटाकडे बघून विचारायचे, "हे वरन हाय का भीत सारवाचा चुना?" शेजारीण एकदा डोकावून गेली आणि तिनं गावात सांगितलं की यांच्या घरी दुखवट्यासारखं शिजून राह्यलं.

पण मी सुधारत होतो. भूक परत आली, लघवी साफ झाली, आणि एका सकाळी बाबांनी मला उन्हात उभं करून पापणी ओढली आणि म्हणाले, "पांढरे झाले." एरवी कोणाचे डोळे पांढरे झाले की घाबरतात, आमच्याकडे मायनं गूळ वाटला.

त्याच सुमारास धाकट्याचं जेवण कमी झालं. भाकरीची चळत निम्म्यावर आली. दुपारी तो बांधावर झाडाखाली आडवा पडलेला सापडायचा. बाबांनी त्याला आळस म्हटलं. मायनं हळदीला दोष दिला, "फिक्कं खाऊन खाऊन पोट्ट्याची जीभ मेली." मी काय म्हटलं ते आठवत नाही, मी बहुधा त्याच्या वाटणीचे फुटाणे खात असेन.

आता दुसऱ्यांदा रक्त द्यायचं होतं, आणि इथे मायच्या डोक्यात घोळ झाला. पहिल्या वेळी माझ्या रक्ताची नळी, नळ्या उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीवर, खिडकीत ठेवली होती. थोड्या वेळानं रक्त खाली बसलं आणि वर पिवळंजर्द पाणी आलं. मायनं आपल्या डोळ्यांनी लेकाची कावीळ काचेत उभी बघितली. तेव्हापासून माझे डोळे कितीही पांढरे झाले तरी तिचा विश्वास बसेना. वरून पांढरा दिसत असला तरी आतून पिवळा असला तर? नोकरी गेली म्हणजे? पुन्हा अशी ऑर्डर आमच्या दारात कधी येणार?

यावर तिनं जो उपाय काढला, तो दुष्काळी कामावर शिकलेला होता. पाझर तलावाच्या कामावर घरातल्या एकाचं नाव हजेरीला असायचं, आणि ज्याला त्या दिवशी सवड असेल तो जायचा. मुकादम घमेली मोजायचा, तोंडं बघत नव्हता. कधी बाबांच्या नावावर धाकट्यानं माती वाहिली, कधी मायच्या नावावर मी. तिच्या मतानं सरकारला एक माणूस भरून दिला की झालं. मग माझ्या नावावर घरातलं सगळ्यात धडधाकट रक्त का देऊ नये?

बाजाराच्या दिवशी ती धाकट्याला घेऊन निघाली. मला सांगितलं, बियाणं बघायला जातो. धाकटा आधी तयार नव्हता. त्याला सुईची भीती नव्हती, दादाच्या मागून असं करायला नको वाटत होतं. तेव्हा मायनं त्याला कबूल केलं की परत येताना मालेगावच्या बाजारातून मटण घेऊ आणि संध्याकाळी लाल तर्रीचं, हळद घालून करू. इतके दिवस पांढरा भोपळा खाल्लेला माणूस मटणापुढे किती टिकणार?

दवाखान्यात माझं नाव पुकारलं, धाकटा उठला आणि हात पुढे करून आला. सगळं सुरळीत झालं होतं. गप्प राहायचं तर माय खिडकीपाशी जाऊन रक्त बसायची वाट बघत उभी राहिली. घोडीवर त्या दिवशीच्या सगळ्यांच्याच नळ्या होत्या. हळूहळू एकेकीत रक्त खाली बसलं, आणि एकेकीत वर पिवळं पाणी आलं. सगळ्यांच्यात! मायनं कपाळाला हात लावला.

"अव माय! साऱ्या वाशिमले कावीळ झाली!"

बाकावर बसलेल्या एका जाडजूड पागोटेवाल्याला तिनं कळवळून सांगितलं, "भाऊ, घरी जाऊन हळद बंद करा. तुमालेबी हाय." तो बिचारा पाय मुरगळला म्हणून आला होता, त्याचं रक्त कोणी काढलंही नव्हतं. तरी तो बाजूच्याला पापणी ओढून दाखवायला लागला. दोघं-तिघं उठून दाराशी गेले. गलका ऐकून रक्त तपासणारा माणूस बाहेर आला आणि त्यानं समजावलं, "बाई, रक्त बसलं की वरचं पाणी सगळ्यांचंच पिवळं असते. तुमचं, माझं, साऱ्यांचं. जास्त पिवळं असलं, त कावीळ."

माय जराशी शांत झाली. मग तिनं नको तो प्रश्न विचारला, "मंग याच्यातलं सगळ्यात पिवळं कोणाचं हाय?"

त्यानं नळ्या उजेडात धरून पाहिल्या, एक उचलली, तिच्यावरच्या चिठ्ठीचं नाव वाचलं. माझं.

 परत येताना मालेगावला उतरून मायनं मटण मात्र घेतलं. तिनं मनाची समजूत घातली होती की नळ्यांची अदलाबदल झाली असणार. बैलासारखा पोट्टा, त्याला काय होतं?

संध्याकाळी घरात हळदीचा वास दरवळला आणि आम्ही सगळे चुलीभोवती जमलो. बाबांनी तर बसायच्या आधीच भाकरी कुस्करली. मायनं पहिलं ताट धाकट्यापुढे ठेवलं, तर्रीनं भरलेलं. त्यानं वास घेतला, तोंड फिरवलं, उठला आणि अंगणात जाऊन भडभडून ओकला. धाकट्यानं मटण सोडलं! आमच्या घरात असं कधीच घडलं नव्हतं. माय परातीपाशी तशीच खाली बसली आणि म्हणाली, "म्या घात केला बापा." मग तिनं सगळं सांगितलं.

मला भयंकर राग आला. बरा झालो होतो मी! माझं स्वतःचं रक्त दिलं असतं तर सर्टिफिकेट हातात असतं. आता वाशिमला माझ्या नावावर धाकट्याची कावीळ बसली होती आणि हजर व्हायची तारीख तोंडावर आली होती. धाकटा अंगणातून ओकता ओकता ओरडला, "दादा, मायले बोलू नको, म्याच गेलतो." तेव्हा माझा राग कोणावर काढावा ते कळेना. दिव्याच्या उजेडात पिवळं ओळखू येत नाही. सकाळी बाबांनी त्याला उन्हात नेलं, पापणी ओढली आणि नुसतं "हं" म्हणाले. ते मटण शेवटी शेजारणीकडे गेलं.

आम्ही चौघं वाशिमला गेलो. डॉक्टरच्या टेबलावर रिपोर्ट तयार होता. ते म्हणाले, "वाईट वाटतं, पण काविळीचं प्रमाण फार आहे. सही करता येत नाही."

"साहेब, थे रक्त याचं नाही," माय म्हणाली.

"मग कोणाचं?"

"याचं." तिनं धाकट्याला पुढे ढकललं.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "नापास झालं की रक्त भावाचं. पास झालं असतं तर?"

"त याचंच राह्यलं असतं," माय प्रामाणिकपणे म्हणाली.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, धाकट्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी आम्हा दोघांना खिडकीत शेजारी शेजारी उभं केलं आणि आमच्या पापण्या ओढल्या. एक जोडी पांढरी, एक जोडी पिवळी. त्यांना हसू येत होतं, पण ते रागावलेले राहिले. रक्त तपासणाऱ्याला त्यांनी तिथेच बोलावलं आणि आपल्या समोर दोघांचं रक्त काढायला लावलं. त्याआधी माझ्या मनगटावर शाईनं माझं नाव लिहिलं आणि धाकट्याच्या मनगटावर त्याचं. माय म्हणाली, "पक्कं ल्याहा साहेब, पुसून जाईन."

रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाहेर बसलो. नोकरीचं काय होणार याचा घोर होता. मी ऑर्डरची घडी उघडत होतो आणि बंद करत होतो. अखेर आत बोलावलं. डॉक्टरनं पेनाचं झाकण काढलं. मी तेवढंच बघितलं, आणि पुढचं त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही. मायनं मात्र सही वाळेपर्यंत त्या कागदावर फुंकर घातली.

मग डॉक्टर म्हणाले, "गिलास अलग ठेवायला सांगितलं होतं. ठेवला होता?"

 बाबा तोवर दारापाशी उभे होते, ते पुढे आले. त्यांनी हॉटेलच्या वाशातल्या कपाचं सांगितलं, थोडक्यात, जसं दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. आणि म्हणाले, "म्हणून साहेब, माह्या घरात गिलास अलग होत नसते."

डॉक्टर म्हणाले, "बाबा, तुमचं बरोबर आहे. पण विषाणूला ते समजत नाही."

"मंग त्याले समजावा," बाबा म्हणाले. "तुमी शिकेल माणूस हा."

तोडगा मायनंच काढला. स्टँडकडे जाताना भांड्यांचं दुकान लागलं तशी ती आत शिरली आणि तिनं घरातल्या प्रत्येकासाठी एक स्टीलचा गिलास घेतला, सगळे एकसारखे. दुकानात नाव कोरून देत. तिनं एकेकावर एकेकाचं नाव कोरून घेतलं, बाबांचंही. "आता धाकट्याचाच कायले अलग ठेवायचा?" ती म्हणाली. "साऱ्याईचेच अलग." बाबांनी आपलं नाव कोरलेला गिलास हातात फिरवून फिरवून बघितला आणि त्यांना त्यात काही वावगं सापडलं नाही. मायला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती पुढेही हाताला येईल त्या गिलासानं पाणी प्यायची. फक्त धाकट्याच्या गिलासावर तिनं दगडानं एक टोच पाडली, ओळखू यावा म्हणून, आणि तो बरा होईपर्यंत गरम पाण्यानं स्वतः घासत राहिली. पाहुण्यांसाठी पितळेचा गिलास होताच.

मी अगदी शेवटच्या दिवशी तांड्यावर हजर झालो. पिशवीत सर्टिफिकेट, दोन सदरे आणि माझा गिलास. धाकट्यानं घरी पांढरं वरण खाल्लं आणि बरा झाला. त्याची पोरगी पुढे रक्त तपासायला शिकली, तेव्हा तो म्हणाला, "आमच्या घरात म्यानंच सुरू केलं हे काम." टोच पडलेला तो गिलास आज तिच्या टेबलावर असतो.

मागच्या महिन्यात मी तिचा डबा द्यायला गेलो होतो आणि बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई होती, सोबत तिचा लेक, तिशीचा, फार वाळलेला. मलाही तिथलाच पेशंट समजून तिनं आपणहून सांगितलं की पोराला एचआयव्ही आहे, आता रक्तात काविळीचं बघायला बोलावलंय. तिच्या पिशवीत एक गिलास होता, काठाला लाल दोरा बांधलेला. "याचा हाय," ती हळूच म्हणाली. "घरचे म्हणतात, अलगच पायजे."

 मला वाशातला कप दिसला.

पुतणी दारात आली, तिनं नाव पुकारलं आणि आम्हा तिघांकडे बघितलं. गिलासही बघितला. तिनं तो बाईच्या पिशवीतून घेतला, माठातून भरला, अर्धा स्वतः प्याली आणि परत दिला. "मावशी, हा रोग गिलासातून लागत नसते. एका गिलासानं प्या, एका ताटात जेवा. आज पाहून राह्यलो थ्या काविळी रक्तातून लागतात, त्याबी पाण्यातून नाही." मग त्या पोराकडे वळून म्हणाली, "चला, नाव सांगा. रक्त तुमचंच ना?" तो पहिल्यांदा हसला आणि तिच्या मागून आत गेला.

एका गिलासाचा माझ्या माय-बाबांचा हट्ट बरोबरच होता. त्यांचा रोग तेवढा चुकला. बाई हातातल्या अर्ध्या गिलासाकडे बराच वेळ बघत राहिली. दार लागलेलं होतं. मग तिनं काठाचा लाल दोरा दातानं तोडला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.